अंगठा पोचला पाहिजे

माझा अंगठा बुडापासून टोकापर्यंत साडेपाच सेंटिमीटर आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो पट्टीवर ठेवून मोजायची वेळ आली. मला पहिलं रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं, आणि ज्या खेळासाठी घ्यायचं होतं त्यात प्रत्येक गोळीआधी घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग, अंगठ्यानेच मागे ओढावा लागतो. नुसता चाप दाबून काही होत नाही. घोडा चढवा, नेम धरा, चाप दाबा, पुन्हा घोडा चढवा. पाच गोळ्यांना पाच वेळा अंगठा, आणि हे दोन रिव्हॉल्व्हरांनी.

या खेळाला काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात तो सुरू झाला. पुढे सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था उभी राहिली आणि आज बहुतेक ठिकाणी तिचेच नियम चालतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी हत्यारं होती ती, किंवा त्यांच्या प्रतिकृती, वापरायच्या. प्रत्येकाकडे दोन सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला अंगठ्याने घोडा चढवायची, रिव्हॉल्व्हरं, लिव्हर ओढून चालणारी एक रायफल आणि एक जुन्या धाटणीची शॉटगन. समोर पोलादी पाट्या. टायमर वाजला की ठरलेल्या क्रमाने पाट्यांवर गोळ्या मारायच्या. ज्याचा वेळ कमी तो वर. पाटी चुकली तर दर चुकीला पाच सेकंद वाढतात, क्रम चुकला तर दहा. कपडे त्या काळाला साजेसे हवेत, आणि प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं, जे संस्थेत दुसऱ्या कुणाचंही नसतं. माझ्या टोपणनावात कोल्हापूर आहे.

कोल्हापूरचा संबंध नुसता नावापुरता नाही. कॉलेजात एनसीसीत असताना मी .२२ रायफल चालवली होती, चटईवर पालथं पडून, श्वास रोखून. त्या पाच गोळ्यांचा कागद आईने कपाटात बरीच वर्षं जपला. नंतर नोकरी, लग्न, २००६ साली अ‍ॅरिझोना. २०१० मध्ये आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली, तेव्हा मी इथे चँडलरच्या स्वयंपाकघरात बातमी वाचत होते आणि हाताला त्या रायफलच्या दस्त्याचा स्पर्श आठवत होता.

मग २०१३च्या फेब्रुवारीत ऑफिसातल्या एकाने सहज म्हटलं म्हणून आम्ही बेन एव्हरी रेंजवर गेलो. फिनिक्सच्या उत्तरेला, आय-१७ महामार्गाला लागून, राज्याच्या वन्यजीव खात्याची ही मोठी रेंज आहे. विंटर रेंज नावाची राष्ट्रीय स्पर्धा दर हिवाळ्यात तिथेच भरते. मी कुंपणापलीकडून पाहत होते. सत्तरीची एक बाई, लांब घागरा, कमरेला दोन रिव्हॉल्व्हरं. टायमर वाजला आणि पोलादावर टणटणटण असा आवाज उठला, ताशाच्या तर्रीसारखा, मध्ये फट नाही. दहा गोळ्या कधी संपल्या ते कळलं नाही. संपल्यावर ती शांतपणे रिकामी हत्यारं टेबलावर ठेवून गुडघा चोळत होती. मला ते इतकं आवडलं की घरी येताना गाडीत मी बोललेच नाही.

पण आवडून उपयोग नव्हता. मी एच-वन-बी व्हिसावर होते. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने हत्यार किंवा दारूगोळा बाळगायला इथल्या संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण मला अपवादाच्या फटीतून आत जायचं नव्हतं. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यातच मोडतात, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. म्हणून मी गावाजवळच्या एका क्लबात जायला लागले ते पाट्या रंगवायला आणि गुण लिहायला. पुंगळ्या वेचायला इतर लोक वाकत तेव्हा मी मागे उभी राहत असे. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते इथल्या मराठी घरांना सांगायला नको. माझं कार्ड २०२१च्या शेवटी हातात आलं. आठ वर्षं मी फक्त पाहिलं. त्या पाहण्याने मला पुढे फार वाचवलं, हे मात्र खरं.

हातात पैसे आणि कार्ड आल्याबरोबर मी दुकान गाठणार होते. डोक्यात चित्र पक्कं होतं: .४५ कोल्ट, साडेसात इंची नळी, निळसर काळं पोलाद, अक्रोडाची मूठ. १८७३ साली अमेरिकी लष्कराने घेतलं ते हे रिव्हॉल्व्हर, कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी. घोडदळाची नळी साडेसात इंची होती. घ्यायचं तर तेच घ्यायचं.

क्लबात एक जोडपं आहे, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. मनातल्या मनात मी त्यांना काका-काकू म्हणते. कुंपणापलीकडून पाहिलेली ती घागरेवाली बाई म्हणजेच या काकू, हे मला क्लबात वर्षभराने कळलं. काकांना मी माझा बेत सांगितला. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. "पुढच्या महिन्यात रिकाम्या हाताने ये," एवढंच म्हणाले. "काही विकत न घेता."

मी गेले. सामना संपल्यावर रेंजच्या एका रिकाम्या कप्प्यात त्यांनी टेबलावर चार रिव्हॉल्व्हरं मांडली. दोन त्यांची, एक काकूंचं, एक शेजारच्या सुताराचं. कुणाकडे मागावं लागलं नाही. या खेळातले लोक आपलं हत्यार नव्या माणसाच्या हातात ज्या सहजतेने देतात, तशी मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

पहिलं खरं कोल्ट, १९५६ नंतर पुन्हा सुरू झालेल्या उत्पादनातलं. काकांनी ते रिकामं असल्याचं मला दाखवलं, मग मी त्यांना दाखवलं, मग हातात घेतलं. घोडा मागे ओढताना चार वेळा खटका ऐकू येतो. जाणकार म्हणतात, सी-ओ-एल-टी. तो आवाज ऐकताच माझ्या अंगावर काटा आला. पण तिसऱ्या खटक्याला माझा अंगठा घोड्याच्या टोकावरून सुटू लागला. उजव्या हाताने पूर्ण चढवायला मला मूठ सोडून हात वर सरकवावा लागत होता. काका म्हणाले, दोन्ही हातांनी धर आणि डाव्या अंगठ्याने चढव. बहुतेक जण तसंच करतात. ते जमलं. मात्र नळी साडेसात इंची होती आणि तिचं टोक सारखं खाली झुकत होतं. होल्स्टरमधून काढताना ते बाहेर येईपर्यंत माझं कोपर खांद्याच्या वर जात होतं.

मग .४५ची पाच काडतुसं. अडीचशे ग्रेनची शिशाची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). इथे मुठीचा आकार समजून घ्यायला हवा. या रिव्हॉल्व्हरांची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी बाकदार असते. धक्का बसला की ती हातात घट्ट रुतून न राहता वरच्या बाजूला गोल फिरते, आणि मोठ्या हाताच्या माणसाचा अंगठा आपोआप घोड्यावर येतो. रचनाच तशी आहे. माझा हात लहान, त्यामुळे मूठ फिरायची ती माझ्या पकडीतूनच निसटायची. प्रत्येक गोळीनंतर मला पुन्हा धरावं लागत होतं. पाच गोळ्यांत चार वेळा. पाट्या लागल्या सगळ्या, पण टायमरवरचा आकडा पाहून मला रडू यायचं बाकी होतं.

काकूंनी त्यांचं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. रुगर कंपनीचं न्यू व्हकेरो, चार पूर्णांक पाच अष्टमांश इंची नळी. व्हकेरो म्हणजे स्पॅनिशमध्ये गुराखी. मूळ व्हकेरो १९९३ मध्ये आलं, ते अंगाने जाड होतं. २००५च्या न्यू व्हकेरोचा सांगाडा जुन्या कोल्टच्या मापाला आणला. काकूंच्या व्हकेरोत घोड्याचं टोक नेहमीपेक्षा खाली आणि रुंद होतं, खास या खेळासाठी काढलेल्या आवृत्तीतलं. आत .३८ स्पेशलची काडतुसं, सव्वाशे ग्रेनची गोळी.

पहिल्या गोळीनंतर मी थांबले. काही झालंच नाही असं वाटलं. मूठ जिथे होती तिथेच, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, पाटीवरच, डावा अंगठा घोड्यावर. मग उरलेल्या चार एका दमात गेल्या. काकू माझ्या मागे होत्या. त्यांनी फक्त खांद्यावर हात ठेवला.

याचं कारण नंतर काकांनी सांगितलं. सांगाडा आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, बाहेरून सारख्याच मापाचे, पण .३८साठी भोकं लहान पाडलेली, म्हणजे आत पोलाद जास्त उरलं. त्यामुळे .३८चं रिव्हॉल्व्हर त्याच मापाच्या .४५पेक्षा जड भरतं. गोळी हलकी आणि हत्यार जड, मग धक्का उरणार किती? नियमाने रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला हजार फुटांच्या आत ठेवावा लागतो आणि गोळी शिशाचीच लागते. जोरदार काडतुसांची इथे गरजच नाही. पाट्या सात ते दहा यार्डांवर असतात.

तरी माझं मन .४५ला चिकटून होतं. इतिहास आहे ना, मी म्हणाले. काकांनी तोही गैरसमज काढला. १८७३ची विंचेस्टर रायफल त्या काळात .४५ कोल्टमध्ये कधी बनलीच नाही. त्या काडतुसाच्या बुडाची कड इतकी बारीक होती की रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या रायफलच्या आकड्याला ती धरता येत नसे. विंचेस्टरची काडतुसं .४४-४०, नंतर .३८-४० आणि .३२-२०. म्हणून कोल्टनेच पुढे .४४-४०चं रिव्हॉल्व्हर काढलं, म्हणजे गुराख्याला रायफल आणि रिव्हॉल्व्हरसाठी एकच काडतूस पट्ट्यात ठेवता यावं. "जुन्या लोकांचं खरं शहाणपण हे," काका म्हणाले. "दोन्हीकडे एकच काडतूस." .३८ स्पेशल १८९८चं, म्हणजे तेही त्या दिवसांचं नव्हे. पण माझ्या रायफलमध्येही तेच चालणार होतं, एकाच डब्यातलं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. मी .४५चा हट्ट त्या दिवशी सोडला. चार खटक्यांचा तो आवाज मात्र अजून कानात आहे.

तिसरं रिव्हॉल्व्हर इटलीचं, उबेर्ती कंपनीचं, आणि यावर माझा जीव जडला हे कबूल करते. ब्रेशियाजवळच्या व्हाल त्रोम्पिया या खोऱ्यात बंदुका घडवायची परंपरा कित्येक शतकांची आहे. अमेरिकी यादवी युद्धाला शंभर वर्षं झाली त्या सुमारास जुन्या हत्यारांच्या प्रतिकृतींना मागणी आली आणि या खोऱ्यातल्या कारागिरांनी ती पुरवली. एका नव्या कोल्टच्या किमतीत उबेर्तीची जोडी येते. सांगाड्यावरचे ते निळे-तपकिरी ढग, पितळी कमान, लोण्यासारखा फिरणारा घोडा. .३८चं, साडेपाच इंची. गोळ्याही चांगल्या गेल्या.

मग का नाही घेतलं? पहिलं कारण डोळे. मला आता जवळचं आणि लांबचं दोन्हीसाठी एकच चष्मा लागतो. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरात समोरची माशी पातळ आणि मागची खाच अरुंद असते. उबेर्तीची माशी शोधायला मला दर वेळी मान थोडी उचलावी लागत होती. व्हकेरोची माशी जाड, खाच चौकोनी आणि रुंद. माझ्या वयाला ती दिसते.

दुसरं कारण काडतुसं भरणं. कोल्टच्या पद्धतीत घोडा अर्धा चढवला की सिलिंडर मोकळा फिरतो. तिथून घोडा चुकीच्या वेळी सोडला तर सिलिंडरवर चरा उमटतो, आणि आतल्या पानाच्या स्प्रिंगा कधी तरी तुटतात. न्यू व्हकेरोत घोडा हलवावाच लागत नाही. बाजूचं झाकण उघडलं की सिलिंडर सुटतो, आणि प्रत्येक खटक्याला एक घर झाकणासमोर नेमकं येतं. आत वेटोळ्याच्या स्प्रिंगा. मला घरी रोज संध्याकाळी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर शंभर वेळा घोडा चढवायचा होता. त्यासाठी दणकट यंत्र हवं होतं.

आणि एक पट्टी. १९७३पासून रुगरच्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये पोलादाची छोटी पट्टी असते. चाप दाबलेला असेल तेव्हाच ती वर येते आणि घोड्याचा ठोका टोचणीपर्यंत पोचवते. जुन्या कोल्टात टोचणी घोड्यालाच जोडलेली. घोडा खाली असताना ती थेट काडतुसाच्या बुडाला टेकलेली असते, आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर ते उडू शकतं. म्हणूनच सहा घरांत पाचच काडतुसं भरायची रीत पडली. एक भरायचं, एक घर सोडायचं, मग चार भरायची, घोडा पूर्ण चढवून अलगद खाली सोडायचा. रिकामं घर घोड्याखाली येतं. खेळात पट्टी असो वा नसो, सगळ्यांना पाचच. भरायच्या टेबलावर दुसरा माणूस तपासतो, रिकामं करायच्या टेबलावर पुन्हा तपासतो. मला हे फार आवडतं. पट्टी आहे म्हणून कुणी निर्धास्त राहायचं नाही.

दरम्यान एका दुकानात वापरलेलं रिव्हॉल्व्हर स्वस्तात दिसलं. तेव्हा एकटी होते, पण काकांनी तपासायची रीत शिकवली होती. आधी विचारायचं: घोडा चढवून पाहू का? विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हत्याराचा चाप रिकामा ओढायचा नाही. मग घोडा अगदी सावकाश मागे आणायचा आणि कान सिलिंडरकडे ठेवायचे. घोडा पूर्ण चढायच्या आधी, फार तर त्याच क्षणी, सिलिंडर खटकन जागेवर बसला पाहिजे. सहाही घरांवर पाहायचं. या रिव्हॉल्व्हरात दोन घरांवर घोडा चढून अडकला तरी सिलिंडर केसभर मागेच होता. बोटाने ढकलल्यावर तो बसला. अशा वेळी घर आणि नळी एका रेषेत नसतात, गोळी नळीच्या तोंडाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. बाजूला माझी गुण लिहिणारी मैत्रीण उभी असते. मी आभार मानून ते परत ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मला यातलं काही कळायला लागलंय.

घरचा भाग सोपा नव्हता, तो थोडक्यात लिहिते कारण तो आमच्या दोघांचा आहे. नवऱ्याला घरात हत्यार नको होतं. इथल्या शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्या आमच्याही घरात येतात, आणि आमचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. नवऱ्याचं म्हणणं चूक होतं असं मला एकदाही वाटलं नाही. आम्ही ठरवलं ते असं: रिव्हॉल्व्हरच्या आधी पोलादी तिजोरी येईल, ती भिंतीला आणि जमिनीला बोल्टने जखडली जाईल, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि मुलगा क्लबातल्या काकांकडून सुरक्षेचा धडा घेईल. तिजोरीवर सगळ्यात पहिला खर्च झाला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे काय नवीन काढलंस गं या वयात?" आणि मग थोड्या वेळाने, "तो कागद अजून आहे कपाटात. पाठवू का?"

मे महिन्यात खरेदीला गेले. फॉर्म ४४७३, हत्यार विकत घेताना भरायचा सरकारी अर्ज. जन्माचा देश, नागरिकत्व, ग्रीन कार्डावरचा क्रमांक, आणि मग हो-नाहीचे प्रश्न, एकेक वाचून. दुकानदार एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे माहिती पाठवतो. उत्तर येतं ते पुढे चला, थांबा किंवा नाही. मला थांबा आलं. माझ्या आधीच्या माणसाला पाच मिनिटांत मिळालं होतं आणि मला क्षणभर अपराधी वाटलं, तसं वाटायचं काही कारण नसताना. दुकानातल्या बाई म्हणाल्या, परदेशात जन्मलेल्यांच्या बाबतीत जास्तीची पडताळणी होते, बऱ्याचदा होतं असं. तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी फोन आला.

दोन घ्या ना, जोडीच लागते तुमच्या खेळात, असंही त्या म्हणाल्या होत्या. पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच माणसाला दोन हॅंडगन विकल्या तर दुकानदाराला वेगळा अहवाल पाठवावा लागतो, त्याचीही त्यांची तयारी होती. पण काकांनी बजावलं होतं: एकच घे. पाचशे गोळ्या मार. चूक झाली असेल तर एकाच रिव्हॉल्व्हरची होईल. मी एकच घेतलं. न्यू व्हकेरो, .३५७, म्हणजे .३८ही चालतं. चार पूर्णांक पाच अष्टमांश इंची, स्टेनलेस, खाली वळलेला रुंद घोडा. काळं पोलाद दिसायला कितीही देखणं असलं तरी अ‍ॅरिझोनाच्या जूनमध्ये हातांना इतका घाम येतो की मला गंजाची काळजी नको होती. उन्हात स्टेनलेस माशी चमकते, हा त्याचा खरा तोटा आहे. सकाळी नऊनंतर पूर्वेकडे तोंड असलेल्या स्टेजवर (सामन्याच्या एकेका फेरीला स्टेज म्हणतात) मला तो जाणवतो.

पहिले चार सामने मी माझं एक आणि काकूंचं एक घेऊन खेळले. अंगात इचलकरंजीच्या सुती कापडाचा लांब बाह्यांचा शर्ट, आईने पाठवलेल्या कापडाचा, आणि खाली घागरा. पहिल्या स्टेजला वेळ किती लागला ते लिहीत नाही, कारण काकूंनी मला तेव्हा टायमरकडे पाहू दिलं नव्हतं. आधी पाट्या, म्हणाल्या. वेग मागून येतो. सहा स्टेजमध्ये रिव्हॉल्व्हरच्या साठ गोळ्या असतात. पहिल्या सामन्यात नऊ चुकल्या. चौथ्यात दोन. पाचशे गोळ्यांच्या आसपास एक दिवस लक्षात आलं की मी अंगठ्याचा विचारच केला नव्हता. त्याच आठवड्यात दुसरं रिव्हॉल्व्हर घेतलं, तेच मॉडेल, तीच नळी.

दोन्ही एकाच कारखान्यातली, तरी जुळी नाहीत. दहा यार्डांवर कागद लावून पाहिलं तेव्हा पहिलं रिव्हॉल्व्हर दोन इंच खाली मारत होतं आणि दुसरं इंचभर डावीकडे. या रिव्हॉल्व्हरांची माशी सांगाड्यासारखीच घट्ट असते, फिरवायला स्क्रू नाही. डावी-उजवीकडे जायचं तर नळी किंचित वळवावी लागते, ते बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं काम. खाली मारत असेल तर माशी कानशीने घासून बुटकी करायची, की गोळी वर चढते. मी काकांकडे कानस मागितली. त्यांनी आधी एकशे अठ्ठावन्न ग्रेनच्या गोळ्यांचा डबा दिला. जड गोळी नळीतून सावकाश निघते, तोवर धक्क्याने नळी वर आलेली असते, म्हणून ती कागदावर वर लागते. खरंच इंचभर वर आली. धक्काही थोडा वाढला, पण अंगठा पोचतोय.

घासलेली माशी परत लावता येत नाही. पाटी सोळा इंचांची आहे आणि अजून दोन डबे शिल्लक आहेत. कानस तूर्त काकांच्याच पेटीत आहे.